बाराशे वर्षांपूर्वीचा ठोका

येडगाव फाट्यावरच्या गेणूच्या चहाच्या टपरीत पंधरा दिवस एकच वाद चालला होता. ऑस्ट्रेलिया का दक्षिण आफ्रिका? नवख्या माणसाला वाटावं, वर्ल्ड कप तोंडावर आलाय. तसं काही नव्हतं. जयवंतची मुलगी कल्याणी फिजिक्समध्ये एमएस्सी झाली होती आणि पीएचडीसाठी तिला परदेशातल्या दोन विद्यापीठांनी बोलावलं होतं. एक पर्थचं, दुसरं केप टाउनचं. शिष्यवृत्ती दोन्हीकडे पूर्ण. पंधरा एप्रिलपर्यंत एकाला हो आणि दुसऱ्याला नाही कळवायचं होतं. आता विद्यापीठातलं टपरीवर कुणाला काय कळणार? पण क्रिकेटमधलं मात्र सगळ्यांना सगळं कळतं.

"जयवंतभाऊ, डोळे झाकून ऑस्ट्रेलिया घ्या," गेणू दूध ढवळत म्हणायचा. "आफ्रिका ऐन वक्ताला गळपटती. आमी ल्हानपनापास्नं बघतोय."

"कशाची गळपटती? लॉर्ड्सवर कुनी कुनाला हरवलं मागल्या वर्षी?" बाकावरून कुणीतरी ओरडायचं, आणि मग कल्याणी राहायची बाजूला, पीएचडी राहायची बाजूला, सगळे जुन्या सामन्यांत शिरायचे.

जयवंत हसायचा आणि चहा संपवून उठायचा. त्याचं मत काय, हे त्याला रोज विचारलं जायचं आणि रोज तो "मला त्यातलं काय कळतं राव" म्हणून सुटका करून घ्यायचा. पण मत होतं. चांगलं पक्कं होतं. पोरीनं पर्थला जावं, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि ते त्यानं बायकोला, मोहिनीलासुद्धा सांगितलं नव्हतं. का, ते कळायला त्याचं काम काय होतं ते सांगायला हवं.

जयवंत खोडदच्या दुर्बिणीवर कामाला होता. ही दुर्बीण डोळा लावून बघायची नाही, ती ऐकायची. तीस प्रचंड तबकड्या, एकेकीत लग्नाचा मांडव मावेल एवढ्या, पंचवीस किलोमीटरच्या टापूत ऊस, कांदा आणि टोमॅटोच्या शेतांमधून उभ्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. त्या लहरी इतक्या क्षीण असतात, की दहा किलोमीटरवर विजेच्या एखाद्या डीपीवर ठिणगी उडायला लागली तरी त्या तिच्याखाली बुडून जातात. म्हणून छपरावर अँटेना लावलेली एक जीप होती, आणि ती जीप घेऊन जयवंत सव्वीस वर्षं जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालत होता. फुटलेला इन्सुलेटर शोधायचा, सैल तार आवळायची, वेल्डिंगवाल्याला समजावायचं. साहेबलोक त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव देत. गावात लोक म्हणत, "खरखरवाले भाऊ आले."

माणूस कामात वाघ होता. कानाला हेडफोन लावून अँटेना फिरवली की पाच मिनिटांत सांगायचा, आवाज मोटरीचा आहे, तारेचा आहे की पिठाच्या गिरणीचा. पण ही सगळी खरखर काढल्यावर आत बसलेल्या शास्त्रज्ञांना ऐकू काय येतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यानं ते कधी विचारलं नाही. कंट्रोल रूमच्या दारापर्यंत तो रोज जायचा, रिपोर्ट द्यायचा आणि परत फिरायचा. आपलं काम बाहेरचं, आतलं काम शिकलेल्यांचं, असं त्यानं स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. त्याला तिथं कुणी अडवलेलं नव्हतं. काही उंबरे माणूस स्वतःच उंच करून ठेवतो, त्याला काय करायचं!

आणि त्याच कंट्रोल रूममध्ये गेले सहा महिने त्याची कल्याणी प्रोजेक्टसाठी बसत होती. ती गेटातून आत जायची तेव्हा जीप पुसता पुसता जयवंत तिच्याकडे बघत राहायचा. अभिमान वाटायचा, हे तर झालंच, पण त्याहून जास्त नवल वाटायचं. आपल्या घरातलं कुणीतरी तिथं बसून आकाश ऐकतंय, हे त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

तर ही दोन विद्यापीठं. दोन्हींचं आपसात फारसं सख्य नाही, असं कल्याणीनंच सांगितलं होतं. जगातल्या सगळ्यांत मोठ्या रेडिओ दुर्बिणीसाठी ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका हे दोन देश कितीतरी वर्षं हटून बसले होते. "आमच्याकडे हवी", "आमच्याकडे हवी." शेवटी बांधावरून भांडणाऱ्या भावांना वाटून द्यावी तशी ती दोघांना वाटून दिली. थोडी इकडे, थोडी तिकडे. तेव्हापासून एकाकडच्या प्राध्यापकासमोर दुसऱ्याचं नाव काढलं, की तो कसंनुसं हसतो म्हणे.

पर्थच्या प्राध्यापकबाईंचं जगात नाव होतं. त्यांनी लिहिलं होतं, माझ्याकडे ये, मेलेल्या ताऱ्यांवर काम कर. तारा मरतो, त्याचा गाभा आक्रसून गावाएवढा होतो आणि भिंगरीसारखा गरगरत राहतो. तो प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पाठवतो. कल्याणी नववीपासून या ताऱ्यांच्या मागे होती.

केप टाउनचं पत्र वेगळं होतं. ते जयवंतला तिनं जेवताना वाचून दाखवलं, आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

"खरखरीवर पीएचडी?"

"हो ना. माणसांचा आवाज कुठला आणि आकाशाचा कुठला, ते वेगळं कसं करायचं, त्यावर. मी अर्जात तुमच्याबद्दल लिहिलं होतं पप्पा, तुम्ही कसं काम करता ते. ते त्यांना फार आवडलं."

मोहिनीनं डोळ्यांना पदर लावला. जयवंतलाही क्षणभर ऊर भरून आल्यासारखं झालं. पण क्षणभरच. मग त्याला भीती वाटली, आणि ती भीती गेली नाही. पोरगी माझ्यापायी खरखर निवडेल. बापाच्या कामाचा मान ठेवायचा म्हणून ती तारे सोडेल. आपण सव्वीस वर्षं उन्हातान्हात दुसऱ्यांच्या डीपीखाली उभे राहिलो ते कशासाठी? पोरीनं पुन्हा त्याच डीपीखाली येऊन उभं राहावं म्हणून? बोलावं तर तिला वाटेल, पप्पा आपलं मन मोडतायत. न बोलावं तर ती चुकेल. म्हणून तो टपरीवर हसत होता आणि घरात गप्प होता.

चौदा तारखेला जयंतीची मिरवणूक झाली. पंधराला सकाळी येडगावच्या रस्त्यावर निळी तोरणं अजून होती आणि डीजेनं जयवंतचे कान अजून गुणगुणत होते, तेवढ्यात कंट्रोल रूममधून रत्नदीपचा फोन आला. रत्नदीप म्हणजे तिथला ऑपरेटर, तिशीतला, बोलायला गोड.

"भाऊ, दक्षिणेकडून दहा दिवस एक ठोका येतोय. एकसारखा. घड्याळ लावून घ्यावं इतका नेमका. मंचरच्या आसपास कुठंतरी असावा."

"झटका मशीन आसंल," जयवंत म्हणाला. बिबट्यांमुळे आता गोठ्यागोठ्याला, वस्तीवस्तीला झटक्याच्या तारांची कुंपणं झाली होती. मशीन दर सेकंदाला तारेत झटका सोडतं. तार नीट असेल तर काही त्रास नाही. कुठं ठिणगी उडायला लागली, की तो ठोका पार खोडदपर्यंत जातो.

"पप्पा, मी येते," कल्याणी चपला घालत म्हणाली. "त्या ठोक्यानं माझा ताराच गाडून टाकलाय."

"आज तुला त्या दोघास्नी कळवायचं हाय ना?"

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे. आणि घरी बसून तरी मला काय सुचतंय?"

दोघं जीपमधून निघाली. मंचर जवळ आल्यावर जयवंतला राहवलं नाही. गाडी चालवताना माणसाला समोर बघावं लागतं, त्यामुळे अवघड बोलायला ते बरं पडतं.

"पर्थला जा," तो म्हणाला. "माझं ऐकशील तर पर्थला जा. माझ्यापायी ती आफ्रिका घेऊ नको."

कल्याणीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "मी आफ्रिका घेतेय, असं कोण म्हणालं?"

"न्हाई घेत?"

"मला कळत नाहीये पप्पा, खरंच. पर्थचं पत्र वाचलं की वाटतं, हेच तर हवं होतं. मग दुसरं वाचलं की... तिथं काय शोधायचं तेच मला नीट दिसत नाही, पण ते डोक्यातून जातही नाही."

"खरखरीत काय शोधायचं आसतं? ती काढायची आन् मोकळं व्हायचं," जयवंत म्हणाला, आणि आपण जरा जोरात बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

अवसरी बुद्रुकच्या पलीकडे, उसाच्या दोन फडांच्या मध्ये चिमाबाईंची वस्ती होती. हेडफोनमध्ये ठोका आता हातोडीसारखा वाजत होता. टक्. टक्. टक्. समोर शेरडांचा वाडा, त्याच्याभोवती पाच पदरी तार आणि खांबाला सोलरवर चालणारं झटका मशीन. चिमाबाई सत्तरीच्या पुढच्या, पण वाड्याच्या दारात अशा उभ्या राहिल्या की बिबट्यानंसुद्धा विचार करावा.

"पावणं, बंद करा म्हनून सांगाया आला आसाल तर आल्या वाटंनं जावा. जानेवारीत दोन शेरडं नेली त्यानं. माझ्या डोळ्यांदेखत नेली."

"मावशी, बंद करायचं न्हाईच," जयवंत म्हणाला. "उलट नीट चालतंय का ते बघाया आलोय. बंद पडलं तर मलाच झोप लागायची न्हाई."

हीच त्याची रीत होती. कागद दाखवायचा नाही, कायदा सांगायचा नाही. आधी माणसाची काळजी ऐकायची, मग तारेची. चिमाबाईंनी त्याला जानेवारीची ती दुपार पहिल्यापासून सांगितली आणि त्यानं ती मधे न बोलता ऐकली. कल्याणीनं मनातल्या मनात घड्याळ बघितलं, पण तीही बसून राहिली. मग चहा झाला. मग जयवंत मशीन बंद करून तारेकडे वळला.

दोष लगेच सापडला. खालच्या तारेला गवत वाढून टेकलं होतं. दोन खांबांवर इन्सुलेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले होते, ते उन्हानं चिरले होते आणि तिथंच ठिणगी उडत होती. अर्थिंगची सळई कोरड्या मातीत नुसती नावाला उभी होती. जयवंतनं विळा मागून घेतला आणि सगळं कुंपण फिरून गवत कापलं. कल्याणीनं जीपमधले नवे इन्सुलेटर आणून दिले. सळईपाशी दोन बादल्या पाणी ओतलं. मशीन पुन्हा सुरू करून त्यानं टेस्टर लावला, तर झटका आधीच्यापेक्षा दुप्पट.

"म्हंजी येवढे दिवस निम्माच झटका व्हता व्हय?" चिमाबाईंनी कपाळावर हात मारला. "आन् मी निवांत झोपत व्हते!"

जयवंतनं हेडफोन कानाला लावला. ठोका गेला होता. फक्त एक बारीक, सलग सुस्कारा उरला होता.

"आता काय ऐकू येतंय?" चिमाबाईंनी विचारलं.

"काही न्हाई."

"आन् येवढ्यासाठी खोडदवरनं आलात?"

"येवढ्यासाठीच."

चिमाबाईंना ते पटलं नाही. त्यांनी हात पुढे केला. कल्याणीनं त्यांच्या पदरावरून हेडफोन नीट बसवला. म्हातारी तोंड उघडं टाकून ऐकत राहिली.

"लांब कुटंतरी पाऊस लागल्यावानी वाजतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"आजी, त्यातला बराच आवाज आकाशगंगेचा आहे," कल्याणी म्हणाली. "वरून येतोय. रोज, चोवीस तास."

चिमाबाईंनी वर बघितलं. भर दुपारचं पांढरं आभाळ होतं, तिथं काय दिसणार! तरी त्या बघत राहिल्या. "म्हंजी रोज वाजतच व्हतं की हे," त्या म्हणाल्या. "माझ्या कुंपनामागं."

जयवंत हत्यारं गोळा करत होता. त्याचे हात थांबले. सव्वीस वर्षं तो हाच सुस्कारा ऐकत आला होता आणि त्याला "काही न्हाई" म्हणत आला होता. तो कुणाचा आवाज आहे, हे या म्हातारीला पहिल्या दिवशी कळलं आणि त्याला कधी कळलं नव्हतं. त्याला स्वतःची थोडी लाज वाटली.

परत खोडदला यायला साडेपाच वाजले. तबकड्या पूर्वेकडे वळत होत्या. त्या वळतात तेव्हा आवाज फार होत नाही, पण एवढी मोठी वस्तू जागेवरून हलतेय हे बघून माणूस बोलता बोलता थांबतो. सव्वीस वर्षांत जयवंतला त्याची सवय व्हायला हवी होती, पण झाली नव्हती. आजही त्यानं जीप कडेला घेतली आणि सगळ्या स्थिर होईपर्यंत थांबला.

कंट्रोल रूमच्या दाराशी त्यानं नेहमीप्रमाणे रिपोर्ट पुढे केला. रत्नदीपनं तो घेतला नाही.

"भाऊ, आत या की. इतकं साफ महिन्यात झालं नव्हतं. काय केलंत काय तुम्ही?"

"गवत कापलं," जयवंत म्हणाला.

"या पप्पा," कल्याणीनं त्याचा हात धरला आणि तो चपला काढून आत गेला. चपला काढायची तिथं काही गरज नव्हती. पण त्यानं काढल्या.

आत थंड होतं. पडद्यांवर रेघा सरकत होत्या. कल्याणी एका खुर्चीत बसली, रत्नदीपशी काही आकडे बोलली आणि एक स्पीकर चालू केला. आधी तोच बारीक सुस्कारा. मग त्यातून, अगदी हलकेच, टक्. थांबून टक्. पुन्हा टक्.

जयवंतचा चेहरा उतरला. त्यानं डोळे मिटून दहा-बारा ठोके मोजले.

"ऱ्हायलं की अजून एक," तो म्हणाला. "हे दुसरं मशीन हाय, चिमामावशीचं न्हवं. ह्याचा येळ जरासा लांब हाय, सेकंदाच्या वर. कुटल्या बाजूनं येतंय? उद्या सकाळी जाऊन काढतो."

रत्नदीप हसायला लागणार होता, पण कल्याणीकडे बघून थांबला. कल्याणी हसत नव्हती. ती बापाकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"पप्पा, हे काढायचं नाही," ती म्हणाली. "हा तारा आहे."

जयवंतला कळलं नाही.

"हा माझा तारा. पूर्वेला, सिंह राशीत. तो कधीच मेलाय, आता फक्त फिरतोय. एक फेरा, एक ठोका. तुम्ही आत्ता जो ऐकलात ना, तो तिथून निघाला बाराशे वर्षांपूर्वी."

"बाराशे?"

"बाराशे. तेव्हा शिवनेरीवर किल्लासुद्धा नव्हता. तेव्हापासून हा ठोका वाटेत आहे, आणि तो आत्ता पोचला."

जयवंत मागच्या खुर्चीत बसला. टक्. त्यानं मनात हिशोब करायचा प्रयत्न केला. आपला जन्म, बापाचा, आजाचा, पणजाचा. त्यापुढची नावं त्याला येत नव्हती. हा ठोका त्या सगळ्या अनामिकांच्याही आधी निघाला होता. रात्र म्हणाला नाही, दिवस म्हणाला नाही, सरळ येत राहिला, आणि शेवटच्या टप्प्यात, अवसरीच्या एका वाड्यापाशी, सायकलच्या ट्यूबनं त्याला अडवलं होतं. टक्. त्याच्या अंगावर काटा आला. देवळात कधी आला नव्हता, विहारात बुद्धवंदनेला बसल्यावरही असा आला नव्हता. हे ऐकायला एवढी वर्षं आपण आत का आलो नाही?

"जा," तो म्हणाला. "पर्थला जा पोरी. असलं ऐकाया मिळत आसंल तर काय इचार करतीस? आत्ताच्या आत्ता कळव."

"कळवते," कल्याणी म्हणाली. तिनं लॅपटॉप पुढे ओढला. पर्थचं पान उघडलं. हो आणि नाही, असे दोन चौकोन होते. तिच्या चेहऱ्यावरून जयवंतला कळलं, की आता तिलाही तेच हवंय. त्याच्या छातीवरचं पंधरा दिवसांचं ओझं उतरलं.

आणि ओझं उतरलं म्हणूनच बहुधा, त्याच्या कारागीर डोक्यात एक प्रश्न आला. फुरसतीत येतात तसा, सहज.

"येक इचारू? मला कुंपन वाटलं हे. माझी चूक झाली. पन मग तुमाला कसं कळतं, कुंपन कुठलं आन् तारा कुठला?"

"कॉम्प्युटर बघतो ना भाऊ," रत्नदीप म्हणाला. "इथं रोज इतका डेटा येतो की माणसाच्यानं होणारच नाही. तुम्ही काढून उरलेली खरखर आधी कॉम्प्युटर ओळखून काढून टाकतो. मग जे उरतं त्यात आपण तारे शोधायचे. ह्या ताऱ्याची जागा आधीच माहीत आहे, म्हणून त्याचा ठोका राखून ठेवलाय."

"आन् जी काढून टाकली, ती?"

"ती गेली."

जयवंतनं स्पीकरकडे बघितलं. स्पीकरमधला ठोका चालूच होता.

"न्हाई, म्हंजी मी सव्वीस वरीस हेच काम केलं," तो सावकाश म्हणाला. "तरी मी फसलो. मग ते कॉम्प्युटर बी कधी फसत आसंल. ताऱ्याला कुंपन समजून त्यानं टाकून दिला आसंल तर? घरात बाया तांदूळ निवडत्यात, त्या बी टाकायच्या आधी खड्यांत हात फिरवून बघत्यात, येखादा दाना गेलाय का म्हनून. हितं टाकलेलं कोन बघतं?"

रत्नदीपनं कल्याणीकडे बघितलं. कल्याणीचा हात माउसवर तसाच राहिला होता. ती बापाकडे बघत होती, पण आता डोळ्यांत पाणी नव्हतं. तिचा चेहरा असा झाला होता, की जयवंतला वाटलं आपण काहीतरी बावळटासारखं बोललो.

"चुकलं का काय माझं?"

"कुणीच बघत नाही," कल्याणी म्हणाली, त्याला नव्हे, स्वतःलाच. "इथंही नाही, पर्थलाही नाही. पन्नास वर्षं सगळ्या जगातल्या दुर्बिणींनी टाकून दिलेलं... त्यात काय काय असेल!" ती खुर्चीतून उठली आणि परत बसली. "केप टाउनला काय शोधायचं ते मला दिसत नव्हतं. पप्पा, हेच होतं ते."

जयवंतला उमगलं तेव्हा तो दचकून उभाच राहिला. "अगं, मी पर्थ म्हनलो! मी नुसतं इचारलं. माझ्या इचारन्याचं काय घेऊन बसलीस? माझी दया करू नको कल्याणी, तारे सोडू नको."

"दया?" कल्याणी आता हसली. मनापासून, लहान असताना हसायची तशी. "पप्पा, आत्ता दोन मिनिटांपूर्वी मी पर्थला हो म्हणणार होते. तुमच्यासाठी नाही आणि तुमच्याविरुद्धही नाही, मला हवं होतं म्हणून. आताही मला हवंय तेच करतेय. तारे कुठं सोडतेय? जे कुणी ऐकलेच नाहीत ते शोधायला चाललेय."

तिनं पर्थच्या पानावर नाहीचा चौकोन दाबला, बाईंना चार ओळी आभाराच्या लिहिल्या आणि मग केप टाउनला हो कळवलं. खाली प्राध्यापकांसाठी दोन ओळी लिहिल्या आणि त्या मराठीत वाचून दाखवल्या. "खरखर म्हणून जे टाकून दिलं जातं त्यात एखादा तारा जात असेल, तर ते कोण बघतं? हा प्रश्न माझे वडील जयवंत यांचा आहे. मला त्याचं उत्तर शोधायचं आहे."

"माझं नाव कशाला?" जयवंत म्हणाला.

"प्रश्न तुमचा आहे म्हणून."

तिनं ते पाठवलं. झालं. पोरीला ताऱ्यांकडे धाडायचं म्हणून पंधरा दिवस तळमळलेला माणूस, त्यानंच आपल्या तोंडानं तिला खरखरीकडे धाडलं होतं, आणि त्याला वाईट वाटत नव्हतं. ते का वाटत नाही, हे तो शोधत राहिला. शेवटी त्याला कळलं की तो अजून त्याच एका वाक्याशी अडखळून उभा आहे. मी विचारलं आणि आत कुणाकडे उत्तर नव्हतं. एवढ्या मोठ्या तबकड्या, एवढे शिकलेले लोक, एवढे कॉम्प्युटर, आणि माझ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बाराशे वर्षांच्या ठोक्यानं आला होता तसाच काटा पुन्हा त्याच्या अंगावर आला.

रत्नदीप स्पीकर बंद करायला उठला. "भाऊ, चहा घेऊ या?"

"घेऊ," जयवंत म्हणाला. "पन त्याला वाजू द्या." आणि तो खुर्ची पुढे ओढून कल्याणीच्या शेजारी बसला.